मुनीरभाईंनी पाहिलेले चाचे

मार्च लागला की माझी नजर बिघडते. एरवी मी साधी, पटकन विश्वास ठेवणारी बाई आहे. भाजीवालीने पिशवीत टाकलेली मेथी उलटून बघत नाही. पण परीक्षा सुरू झाल्या की मला शर्टाची बाही नुसती बाही दिसत नाही. कंपासपेटीचं झाकण, पाण्याच्या बाटलीवरचा कागद, मोज्याची घडी, सगळ्यात काहीतरी दडवलंय असं वाटायला लागतं. केजमध्ये इतिहास शिकवून मला वीस वर्षं होत आली, आणि त्यातले सगळे मार्च मी लोकांच्या हातांकडे बघत काढले आहेत.

यंदाही तेच. वर्गात पंखा कुरकुरतो आहे, पोरं मान खाली घालून लिहिताहेत, खिडकीबाहेरून कडबा लादलेला ट्रॅक्टर डुलत जातो आहे. शाळूची काढणी उरकत आली की गावाच्या कडेकडेने मळणीयंत्रं घुमायला लागतात आणि त्यांचा बारीक भुसा सगळीकडे बसतो, उत्तरपत्रिकांवरसुद्धा. बोट फिरवलं की रेघ उमटते. कडुलिंबाचा फुलोरा, भुसा आणि डिझेल यांचा एकत्र वास आला की काही वर्षांपूर्वीचा एक मार्च मला आठवतो. त्या मार्चमध्ये मी एका माणसावर फार संशय घेतला, आणि तो फिटल्यावर त्याहून वाईट गोष्ट केली.

झालं असं, की आमच्या गावच्या वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला असते. तिचे चिटणीस गायकवाड सर मला म्हणाले, दरवर्षी तीच चरित्रं, तीच व्याख्यानं, सभागृहात आम्ही दहा म्हातारेच उरलो. यंदा सिनेमावर बोला. पोरं ते समुद्री चाच्यांचे सिनेमे हिंदीत डब केलेले बघतात, त्यात इतिहास किती आणि भुताटकी किती ते सांगा. मी हो म्हणाले. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. इथल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याच्या सहलीत, चपला हातात धरून. त्यामुळे चाचे म्हणजे आमच्यासाठी पऱ्यांइतकेच लांबचे.

मग मी दुपारी पेपरवरून घरी आले की पडदे ओढायचे, कूलर लावायचे आणि सिनेमे बघायचे. एक वही केली होती. डाव्या पानावर इतिहास, उजव्या पानावर भुताटकी. बंदराचा धक्का, तोफा, कंपनीच्या गव्हर्नराचा केसांचा टोप, भर चौकातली फाशी हे सगळं डावीकडे. धुक्यातून वर येणारं बुडालेलं जहाज, शिंपल्यांनी मढलेले मेलेले खलाशी, नकाशातून ठिबकणारं रक्त हे उजवीकडे. पहिले तीन-चार सिनेमे ही वाटणी सरळ चालली.

पण हळूहळू मला त्या सिनेमांचाही संशय यायला लागला. खऱ्या चाच्यांनी स्वतःबद्दल फारसं लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्याविषयी लिहिलं ते त्यांना फासावर देणाऱ्यांनी. म्हणजे डाव्या पानावर मी ज्याला इतिहास म्हणत होते, तो एकाच बाजूच्या कारकुनाने लिहिलेला होता. आणि दुसरं असं, की सिनेमात शाप आला की कुणाचीच जबाबदारी उरत नाही. जहाजावर माणसं उपाशी मेली ती मालकाने सडकं धान्य भरलं म्हणून, हे दाखवायचं तर मालकाचं नाव घ्यावं लागतं. शाप दाखवला की काम भागतं. प्रेक्षक घाबरून घरी जातो आणि कंपनी सुटते. आपल्याकडेही हेच आहे. धर्मापुरीच्या देवळाला मुलांची सहल नेली होती, तेव्हा भिंतीवरच्या त्या दगडी बायका कुणी घडवल्या असतील असं मी विचारलं. तिथल्या एका म्हाताऱ्याने घडवणाऱ्यांची गोष्ट सांगितली नाही, पाथरवटांचं नावही काढलं नाही. त्याने गुप्तधनावरच्या नागाची सांगितली, आणि मुलांना तीच आठवते.

हे सगळं मी मोठ्या हुशारीने वहीत लिहीत होते, आणि त्याच आठवड्यात माझी स्कूटी बंद पडली.

अंबाजोगाई रस्त्याला मुनीरभाईंचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक चिंच. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. इंजिन सुरू करायचा, स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला लावायचा, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. मग एकदम एखादाच नट सैल करायचा. त्या दिवशी मी बाकावर बसून वही वाचत होते. त्यांनी सहज विचारलं, कसला पेपर तपासताय. मी व्याख्यानाचं सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "म्या बघितलेत मॅडम चाचे. सात म्हयने त्यांच्या ताब्यात होतो. तुमच्या शिनेमात असत्यात तसले न्हाईत ते."

मला हसू आलं, ते मी दाबलं. पण मार्च होता.

पुढचे आठ-दहा दिवस मी काही ना काही निमित्त काढून गॅरेजवर जात होते. ब्रेक बघा, आरसा हलतोय. आणि जाताना प्रश्न तयार करून जायचे, तोंडी परीक्षेला काढतात तसे. आज विचारलेला प्रश्न चार दिवसांनी फिरवून विचारायचे. ते लहान मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होते. सोमालियाच्या बाजूला जहाज पकडलं गेलं. चाचे कसे होते? काडीसारखे बारीक, कमरेला लुंगी, पायात रबरी चपला. दिवसभर कसला तरी पाला चघळायचे. बरेचसे आधी मासेमारी करणारे होते. एकाला आईचा फोन आला की तो लांब जाऊन रडायचा. त्यांच्या म्होरक्याला माणसं मोजायची सवय होती. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सगळ्यांना डेकवर उभं करून तो बोटाने मोजायचा, शाळेत हजेरी घेतात तसं.

उत्तरं प्रत्येक वेळी जुळत होती. आणि म्हणूनच माझा संशय वाढत होता. पाठ केलेली उत्तरंच अशी जुळतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. शिवाय त्यात एकही झेंडा नव्हता, तलवार नव्हती. खोटं बोलणारा इतकं नीरस खोटं का बोलेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मी शिक्षकाला शोभणार नाही असं केलं. त्यांचा मेव्हणा बाजारात कलिंगडं विकतो. त्याच्याकडे फळं घेताना मी सहज विषय काढला. तो म्हणाला, मुनीर कशाचा जहाजावर, तो दुबईला गॅरेजात होता, सात-आठ वर्षं. घरी जाईपर्यंत मला खोटं पकडल्याचा आनंद झाला होता. कॉपी सापडली की होतो तसाच.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन सरळ विचारलं. मुनीरभाईंनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या आईचा धाकटा भाऊ मांजरेच्या पुरात वाहून गेला होता. तेव्हापासून तिने पाण्याची धास्ती घेतली होती. मुनीरभाई मुंबईला एका ओळखीच्याबरोबर गेले होते, काम मिळालं ते जहाजावर. आईला सांगितलं, दुबईला गॅरेज आहे. बायकोलाही तेच सांगितलं, कारण ती आईपासून लपवू शकली नसती. आठ-पंधरा दिवसांनी फोन करायचे, आणि मागे लाटांचा आवाज येऊ नये म्हणून बंदरात उतरल्यावरच करायचे. मग ते सात महिने आले. फोन बंद झाला. त्या सात महिन्यांत आई गेली.

"सुटून मुंबईला उतारलो आन् घरी फोन लावला. तवा कळालं," ते म्हणाले. "मंग कुणाला सांगू मी कुठं होतो ते? जिला भिऊन लपवलं तीच न्हाई. म्हणलं, ऱ्हाऊ द्या गॅरेजच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक निळसर पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. खलाशाचं पुस्तक, पासपोर्टसारखं, त्यांचा तरुणपणचा फोटो लावलेलं. जहाजावर चढल्याचे आणि उतरल्याचे शिक्के होते. शेवटच्या दोन शिक्क्यांमधलं अंतर त्यांनी सांगितलेल्या हिशेबाशी जुळत होतं. मी ते पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, अगदी उजेडात धरून. माझी तपासणी संपेपर्यंत ते उभे होते.

त्या दिवशी मी माझ्या वहीच्या डाव्या पानावर त्यांचं नाव लिहिलं, आणि त्यांना व्याख्यानात माझ्यानंतर पंधरा मिनिटं बोला अशी गळ घातली. सिनेमातल्या चाच्यांशेजारी खरा साक्षीदार उभा करायचा, याहून चांगलं काय असणार. ते आधी नको म्हणाले. मग एकदा कधीतरी बोलायचंच आहे म्हणाले. घरी सांगितलंय ना, असं मी विचारलं. सांगतो, म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

व्याख्यानाच्या दोन दिवस आधी त्यांनी मला उरलेली गोष्ट सांगितली.

इंजिनखोलीत त्यांच्याबरोबर रत्नागिरीकडचा दत्ताराम होता. दुपारी चारला दत्तारामची पाळी सुरू व्हायची. शिडी उतरताना तो हातातल्या पान्याने पाईपवर तीन ठोके द्यायचा. म्हणजे, मी आलोय, तू वर जा. पकडले गेल्यावर चौथ्या महिन्यात दत्ताराम तापाने गेला. औषध नव्हतं. त्याला चादरीत गुंडाळून समुद्रात सोडलं. खाली इंजिनखोलीच्या मागे मुनीरभाईंनी थोडे तांदूळ आणि पिण्याचं पाणी लपवलेलं होतं; ते चाच्यांच्या हाती लागलं असतं तर बाकीचे जगले नसते. म्हणून दत्ताराम गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता, मुनीरभाईंनी स्वतः खाली अंधाऱ्या कोपऱ्यात बसून पाईपवर तीन ठोके दिले. रोज देत राहिले. चाच्यांना दत्तारामची सवय माहीत होती. ते खाली यायचे बंद झाले.

मी ऐकून खूश झाले. किती सुंदर होतं हे. भूत म्हणजे शहाण्या माणसाचं हत्यार. माझ्या व्याख्यानाचा शेवटच मिळाला होता.

"आजून हाय मॅडम," ते म्हणाले. "धा-बारा दिवसांनी एकदा त्या म्होरक्यानं दुपारची मोजणी लांबवली. आमी सगळे एकवीस जण वर डेकवर उभे. म्या त्याच्या समोर. आन् चारला खाली तीन ठोके पडले."

म्होरक्याने पुन्हा मोजलं. एकवीस. स्वतःची माणसंही मोजली, ती सगळी वर होती. तिसऱ्यांदा मोजलं, तरी तेच. कुणीही खाली गेलं नाही. त्यानंतर मुनीरभाईंनी ठोके दिले नाहीत, आणि ते आपोआपही कधी आले नाहीत.

मी म्हणाले, लोखंड तापतं, थंड होतं, पाईप वाजतात. ते म्हणाले, "पाईप म्या जलमभर ऐकलेत."

मी त्यांना ते वगळायला सांगितलं. समजावून सांगितलं, अगदी गोड शब्दांत. लोक आधीच विश्वास ठेवायला कां-कू करतील. त्यात ठोक्यांची गोष्ट आली तर सगळंच सिनेमासारखं वाटेल. पहिले ठोकेही नकोत, असं मी म्हणाले, कारण ते सांगितले की दुसऱ्यांचं कुणीतरी विचारणार. मुनीरभाईंनी मला एवढंच विचारलं, "तेवढं काडलं तर बाकीचं हुबं कसं ऱ्हाईल?" मी म्हणाले, राहील. मी शिकलेली होते. त्यांनी ऐकलं.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. माझं बोलणं रंगलं. शाप आणि कंपनी हा माझा मुद्दा लोकांना आवडला. मग मुनीरभाई उभे राहिले. हात मागे बांधून, माइकपासून लांब, त्यांनी सगळं सांगितलं आणि मी काढायला सांगितलेलं काढलं. दत्तारामचं तर नावही घेतलं नाही. बायकांच्या बाजूला त्यांच्या पत्नी शहनाजभाभी बसल्या होत्या. नवरा व्याख्यानात बोलणार एवढंच त्यांना कळलं होतं. 'जहाज' हा शब्द आला तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि शेवटपर्यंत ती तशीच राहिली. मी ते व्यासपीठावरून पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

प्रश्नोत्तरांत एक निवृत्त तलाठी उठले. आयुष्यभर लोकांच्या जमिनीच्या भांडणात खरं-खोटं पाहिलेला माणूस. ते म्हणाले, "सात म्हयने तुमी खाली तांदूळ लपवला म्हणता. त्यांच्याकडं बंदुका. मग ते खाली कावून आले न्हाईत?"

मुनीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं.

"न्हाई आले," ते म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. तलाठी खाली बसताना शेजाऱ्याला म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू आलं, की यात काहीतरी दडवलंय. त्यांचं बरोबर होतं. आठवड्याभरात गावात मुनीरभाईंचं नाव 'चाचे चाचा' पडलं. गाडी घेऊन येणारी तरणी पोरं विचारायची, चाचा, जहाज कुठं लावलंय, चिंचेखाली का? माझं मात्र कौतुक झालं. गायकवाड सरांनी शाल दिली.

व्याख्यानानंतर चौथ्या दिवशी सकाळी शहनाजभाभी माझ्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या. सोफ्याच्या कडेला बसून त्यांनी मला जे सांगितलं ते बरंचसं माझ्याविषयी नव्हतं. फोन बंद झाला त्या सात महिन्यांत त्यांना एकच वाटलं होतं, की तिकडे याने दुसरी केली. सासू मरताना मुलगा मुलगा करत होती आणि याचा फोन लागत नव्हता. परत आल्यावर याने मोबाइल बिघडल्याचं, मालक बदलल्याचं सांगितलं. त्यांनी ते कधीच मानलं नाही. एवढी वर्षं त्या त्याला जेवायला वाढत होत्या आणि मनातल्या मनात त्या दुबईच्या बाईला शिव्या देत होत्या. ती बाई कशी दिसत असेल हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी विचारलं, आता विश्वास बसला का. म्हणाल्या, सभागृहात नाही बसला. तिथे ऐकलं तेव्हा वाटलं, हे नवीन खोटं, यात मॅडमही सामील. घरी गेल्यावर दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. मग त्याने सगळं सांगितलं, दत्तारामचं, पहिले ठोके, दुसरे ठोके.

"त्यानं आधी सोताची लबाडी सांगितली," त्या म्हणाल्या. "मीच ठोकत होतो म्हणला. खोटं बोलणारा मानूस आपली लबाडी आधी सांगत न्हाई मॅडम. तवा मला पटलं. तुमी तेच काडून टाकाया लावलं."

साक्षीदार कसा पारखायचा यावर मी दरवर्षी एक तास घेते. फळ्यावर मुद्दे लिहिते. त्यातला हा मुद्दा माझ्याकडे नव्हता. ज्या सिनेमांना मी लबाड म्हणत होते त्यांनी इतिहासात भूत घातलं होतं. मी तर एका माणसाच्या इतिहासातून त्याचं भूत काढून घेतलं होतं, आणि त्याला गावापुढे खोटं पाडलं होतं.

मी गॅरेजवर गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते, पण ते एका मोटारसायकलीखाली आडवे होते आणि मला त्यांचे पायच दिसत होते. मी पायांनाच सांगितलं, माझं चुकलं. थोडा वेळ पान्याचा आवाज येत राहिला. मग ते खालूनच म्हणाले, घरी आता बरं चाललंय. म्हणजे ती भांडते. आधी भांडत नव्हती.

पुढच्या वर्षी मी गायकवाड सरांकडे जाऊन अर्धा तास मागितला. ते कुरकुरले, गावात हसं झालंय म्हणाले. मी म्हणाले, हसं मी केलंय, म्हणूनच मागतेय. त्या संध्याकाळी माणसं कमी होती. उन्हाची तलखी अजून भिंतींत होती. निवृत्त तलाठी तिसऱ्या रांगेत, शहनाजभाभी पहिल्या. मी आधी उठून सांगितलं, की गेल्या वर्षी यांच्या गोष्टीतला एक भाग मी कापायला लावला होता आणि तलाठीसाहेबांना तो दिसला होता. एवढं बोलून खाली बसले. मुनीरभाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. दत्तारामचं नाव घेताना त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

तलाठी उठले. या खेपेला त्यांच्या आवाजात वेगळं काहीतरी होतं. "पयले ठोके तुमचे," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा ठोकलं कुनी?"

मुनीरभाईंनी माइक जवळ ओढला.

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "बगाया जायला पायजे होतं. खाली जायला मला कुणी अडवलं नव्हतं, सगळे भ्यालते, चाचेबी भ्यालते. मी बी भ्यालो. पाळी बदलायचे ठोके होते ते. कुणी खाली अडकलं असतं, कुणी बोलवत असतं, तरी म्या गेलो न्हाई. माझ्या जागी दत्ताराम असता ना, तर त्यो उतारला असता."

तलाठी हळूच खाली बसले. टाळ्या वाजवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. गायकवाड सर आभाराचा कागद हातात घेऊन उभे राहिले, आणि त्यांनी तो तसाच खिशात घातला. त्या दिवशी आभारप्रदर्शन झालं नाही.